कर्करोगातील तातडीची रुग्णसेवा

कर्करोगामुळे किंवा त्यावरील उपचारांमुळे रुग्णाच्या जिवाला एकाएकी धोका निर्माण झाला असता, जे उपचार तातडीने, अनेकदा मूळ उपचार करणाऱ्या रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच जवळच्या रुग्णालयात, द्यावे लागतात, त्यांच्या व्यवस्थेस कर्करोगातील तातडीची रुग्णसेवा म्हणतात.

केमोथेरपीनंतर साधारणतः ७ ते १४ दिवसांत न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या श्वेतपेशी, सर्वांत कमी होतात. त्यांची संख्या दर घन मिलिमीटर रक्तात ५०० च्या खाली गेलेली असताना ३८.३° से. ताप एकदा जरी आला, तरी तो गंभीर जंतुसंसर्ग मानून उपचार करावे लागतात. या पेशींअभावी पू, सूज ही नेहमीची लक्षणे बहुधा दिसत नाहीत. म्हणून साधा ताप समजून गोळी देऊन रुग्णास घरी पाठविणे घातक ठरते. अशा वेळी रक्ताचे नमुने घ्यावेत आणि अहवालाची वाट न पाहता पहिल्या तासाभरात शिरेतून प्रतिजैविके सुरू करावीत, असा संकेत आहे. मज्जारज्जूवर गाठीचा दाब पडल्यास पाठ दुखते, पायांतील बळ जाते व लघवी अडते. पाय पूर्ण लुळे पडण्याआधी सूज कमी करणारे डेक्सामेथासोन हे औषध देऊन एमआरआय तपासणी करणे आवश्यक असते. तोंडाच्या कर्करोगात श्वासमार्ग अडणे व रक्तस्राव, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगात योनिमार्गे रक्तस्राव, हेही तातडीचे प्रसंग होत.

ग्रामीण भागात मात्र वेळेत उपचार मिळणे कठीण असते. उदा., जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी येथील रुग्णास छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जाण्यासाठी परतूर, जालना असा प्रवास करावा लागतो. त्यापैकी जालन्यापुढचेच अंतर सुमारे ६० किमी. आहे. राज्यात २०१४ पासून धावणारी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांनी प्रवासाचा व खर्चाचा भार हलका केला असला, तरी प्रतिजैविकाचा पहिला तास वाटेतच सरू शकतो.

त्यामुळे सुधारणेची सुरुवात ग्रामीण रुग्णालयापासून होणे इष्ट आहे. शिरेतून द्यावयाच्या प्रतिजैविकांचा साठा, परिचारिकांचे प्रशिक्षण, तज्ज्ञांचा दूरध्वनीवरून सल्ला आणि केमोथेरपीची तारीख व औषधे नोंदविलेले कार्ड रुग्णाजवळ असणे, या गोष्टींना मोठी यंत्रसामग्री लागत नाही. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णास ताप आल्यास कुटुंबीयांनी सकाळ होण्याची वाट न पाहता हे कार्ड घेऊन सर्वांत जवळचे रुग्णालय गाठावे.