उरोस्थीचे तुकडे किती?

अस्थिसंस्थेचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर आकडे लिहितो. कण्यात ३३ मणके, बरगड्यांच्या १२ जोड्या आणि छातीच्या मध्यावर तीन भागांची उरोस्थी. मुले ते पाठ करतात व परीक्षेनंतर विसरतात. यातला शेवटचा, तीन हा आकडा मात्र सुखासुखी मिळालेला नाही. सुमारे तेराशे वर्षे युरोपातील विद्वान उरोस्थीचे सात तुकडे सांगत होते.

याचे मूळ गॅलन या ग्रीक वैद्याकडे जाते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये त्याचा मोठा लौकिक होता. मानवी प्रेताचे विच्छेदन करण्याची त्या काळी सोय नव्हती, म्हणून गॅलनने माकडे, डुकरे अशा प्राण्यांचे विच्छेदन केले. मानवी हाडे पाहायची असतील तर अलेक्झांड्रियाला जा, असेही त्याने विद्यार्थ्यांना बजावले होते. पुढे त्याची पुस्तके उरली आणि हा सल्ला मागे पडला.

सोळाव्या शतकापर्यंत विच्छेदने पुन्हा होऊ लागली होती, पण पद्धत विचित्र होती. प्राध्यापक उंच आसनावरून गॅलन वाचून दाखवी आणि खाली न्हावी-शल्यवैद्य प्रेत कापी. वाचणारा पाहत नसे, आणि पाहणाऱ्याला विचारत कोण होते!

ब्रुसेल्समध्ये १५१४ साली जन्मलेल्या आंद्रेआस व्हेसालियसने ही रीत मोडली. १५३७ मध्ये तो पदुआ येथे शिकवू लागला व सुरी त्याने स्वतःच्या हाती घेतली. तरी पुस्तकाचा पगडा त्याच्यावरही होताच. १५३८ च्या त्याच्या चित्रांत माणसाचे यकृत पाच पाळ्यांचे दाखवले आहे. डोळ्यांसमोर प्रेत असूनही हात गॅलनचेच चित्र काढत होता!

१५४० मध्ये बोलोन्या येथे त्याने माणसाचा व माकडाचा असे दोन सांगाडे जोडले. कमरेच्या मणक्यांवरील ज्या एका लहान उंचवट्याचे वर्णन गॅलनने केले होते, तो माकडाच्या मणक्यावर स्पष्ट होता. माणसाच्या मणक्यावर तसा नव्हता. म्हणजे गॅलनने पाहिले ते बरोबर पाहिले होते, पण माकडात. सात तुकड्यांच्या उरोस्थीचा उलगडाही असाच झाला.

१५४३ मध्ये बासेल येथे व्हेसालियसचा मानवी शरीररचनेवरील ग्रंथ छापला गेला. पुरुषाला एका बाजूला एक बरगडी कमी असते, ही ‘बायबल’मधील आदमच्या कथेवरून पसरलेली समजूतही त्याने त्यात खोडून काढली. आदमची एक बरगडी गेली असे मानले, तरी त्याच्या वंशजांची का जावी? बोट तुटलेल्या माणसाची मुले काही नऊ बोटांची जन्मत नाहीत.

विरोध झाला तो त्याच्याच गुरूकडून. पॅरिसच्या सिल्व्हियसने १५५१ मध्ये शिष्याला नावावर कोटी करून वेडा ठरवले. सांगाडा गॅलनशी जुळत नाही याचे त्याचे उत्तर असे, की गॅलननंतर माणसाचे शरीरच बदलले. ग्रंथ चुकला असे म्हणण्यापेक्षा मानवजातच बदलली असे म्हणणे त्याला सोपे वाटले!

या गुरूला हसण्यापूर्वी आपण आपला वर्ग आठवावा. ‘सर, पुस्तकात वेगळं आहे,’ असे कोणी म्हटले की आपण काय करतो? आम्ही एक साधा प्रयोग सुचवतो. गळ्याखालच्या खाचेपासून बोट हाडावरून खाली सरकवा. साधारण चार-पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागेल. तो उरोस्थीच्या पहिल्या दोन भागांचा सांधा. त्याच पातळीवर दुसरी बरगडी जोडलेली असते. तिथून खाली बरगड्या मोजता येतात. लहान वयात उरोस्थीचा मधला भाग चार तुकड्यांचा असतो व तारुण्यापर्यंत ते सांधले जातात, हेही मोठ्या मुलांना सांगावे.

आकडा आधी बोटाने शोधावा, मग पुस्तकात पाहावा. दोन्ही जुळले नाहीत तर पुन्हा मोजावे. व्हेसालियसने तरी याहून वेगळे काय केले?