क्वीबेक नॉर्डिक्स : संघाची पुनर्बांधणी (१९८७–९६)

क्वीबेक नॉर्डिक्स : कॅनडाच्या क्वीबेक शहरातील आइस हॉकीचा एक व्यावसायिक संघ. त्याची स्थापना १९७२ मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशन या संघटनेत झाली. ती संघटना १९७९ मध्ये बंद पडल्यावर तिच्यातील चार संघ नॅशनल हॉकी लीगमध्ये सामील करून घेण्यात आले. त्यांत नॉर्डिक्स हा एक होता. खेळाडूंची अदलाबदल व नवोदितांची निवड या दोन साधनांनी दुबळा झालेला संघ पुन्हा कसा उभा करता येतो आणि त्यातील धोके कोणते, यांचे हा संघ एक बोलके उदाहरण होय.

लीगमधील नवोदित खेळाडूंची निवड ‘ड्राफ्ट’ या पद्धतीने होते. पूर्वी मोठे संघ कनिष्ठ संघांना पैसा पुरवीत आणि तेथील खेळाडूंवर लहान वयातच हक्क सांगत. त्याला आळा घालण्यासाठी १९६३ मध्ये माँट्रिऑल येथे पहिला ड्राफ्ट भरविण्यात आला. हंगामात तळाशी राहिलेल्या संघाला निवडीचा पहिला मान द्यावा, हे या पद्धतीचे मूलतत्त्व आहे. निवडीचा हा हक्क खेळाडूप्रमाणेच दुसऱ्या संघाला देता येतो. म्हणून हंगाम संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात अनुभवी खेळाडू, तरुण खेळाडू आणि भावी वर्षांतील निवडीचे हक्क यांची मोठी देवघेव चालते. दुबळा संघ अनुभवी खेळाडू देऊन भावी हक्क घेतो. बलिष्ठ संघ त्याच्या उलट करतो.

१९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात पीटर स्टास्टनी व मिशेल गुले यांच्या खेळामुळे नॉर्डिक्सने चांगला लौकिक मिळविला होता. १९८७-८८ पासून मात्र संघाची घसरण झाली व लागोपाठ पाच हंगाम त्याला प्लेऑफ सामन्यांत प्रवेश मिळाला नाही. १९८९-९० मध्ये ८० पैकी अवघे १२ सामने जिंकून संघाने ३१ गुण मिळविले. त्याच हंगामात स्टास्टनी व गुले या दोघांनाही इतर संघांकडे धाडण्यात आले. तळाच्या स्थानामुळे १९८९, १९९० व १९९१ अशी सलग तीन वर्षे ड्राफ्टमधील पहिली निवड नॉर्डिक्सकडे आली. तीतून अनुक्रमे मॅट्स सुंडिन, ओवेन नोलन व एरिक लिंड्रॉस हे खेळाडू निवडण्यात आले. तत्पूर्वी १९८७ मध्ये डेल हंटर व क्लिंट मालार्चुक यांना वॉशिंग्टन संघास देऊन मिळविलेल्या हक्कातून पंधराव्या क्रमांकावर जो सॅकिक याची निवड झाली होती.

लिंड्रॉस हा त्या पिढीतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरणार, असे मानले जात होते. परंतु त्याने क्वीबेककडून खेळण्यास साफ नकार दिला व एक संपूर्ण हंगाम तो लीगबाहेर राहिला. फ्रेंच भाषिक क्वीबेकमध्ये या नकाराने संतापाची लाट उसळली. जून १९९२ मध्ये नॉर्डिक्सने त्याला देऊ केले. मात्र फिलाडेल्फिया फ्लायर्स आणि न्यूयॉर्क रेंजर्स या दोन्ही संघांनी आपला करार पक्का झाल्याचा दावा केला. लवाद म्हणून नेमलेले टोराँटोचे वकील लॅरी बर्टुझी यांनी ३० जून १९९२ रोजी फिलाडेल्फियाच्या बाजूने निर्णय दिला. त्यानुसार नॉर्डिक्सला पीटर फॉर्सबर्ग, माइक रिची, स्टीव्ह ड्यूशेन, केरी हफमन, गोलरक्षक रॉन हेक्स्टॉल व ख्रिस सायमन हे खेळाडू, पहिल्या फेरीतील दोन निवडींचे हक्क आणि १.५ कोटी डॉलर मिळाले.

परिणाम त्वरित दिसून आला. १९९१-९२ मधील ५२ गुणांवरून संघ पुढील हंगामात १०४ गुणांवर पोहोचला. खेळाडू व मालक यांच्यातील वादामुळे आखूड झालेल्या १९९४-९५ च्या हंगामात तो पूर्व विभागात अग्रस्थानी राहिला. तथापि क्वीबेक शहर लीगमधील सर्वांत लहान बाजारपेठांपैकी एक होते. खेळाडूंचे वेतन अमेरिकी डॉलरमध्ये द्यावे लागे, तर उत्पन्न घसरत्या कॅनडियन डॉलरमध्ये येई. नव्या क्रीडागारासाठी प्रांतिक शासनाशी झालेल्या वाटाघाटी फसल्या आणि मे १९९५ मध्ये संघ ७.५ कोटी अमेरिकी डॉलरना एका अमेरिकी कंपनीस विकण्यात आला. त्याचे डेन्व्हर येथे स्थलांतर होऊन ‘कोलोरॅडो ॲव्हलांच’ असे नामकरण झाले.

देवघेव पुढेही चालू राहिली. सुंडिनच्या बदल्यात १९९४ मध्ये वेंडेल क्लार्क आला होता. १९९५ मध्ये तीन संघांच्या व्यवहारात त्याच्या जागी क्लोद लेमियू मिळाला. नोलनच्या बदल्यात सँडिस ओझोलिन्श आला. फिलाडेल्फियाच्या १९९३ मधील हक्कातून निवडलेला गोलरक्षक जोसलँ तिबो याच्यासह तीन खेळाडू माँट्रिऑलला देऊन डिसेंबर १९९५ मध्ये पॅट्रिक रुआ व माइक कीन यांना घेण्यात आले. जून १९९६ मध्ये या संघाने फ्लोरिडा पँथर्सचा ४–० असा पराभव करून स्टॅन्ली चषक जिंकला. सॅकिक हा प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडू ठरला.

या विजेत्या संघात तळाच्या तीन हंगामांतून मिळालेल्या पहिल्या निवडींपैकी एकही खेळाडू नव्हता. सुंडिन, नोलन व लिंड्रॉस यांचे खरे मोल त्यांच्या बदल्यात जे मिळाले त्यात होते. उलटपक्षी लिंड्रॉसने १९९५ मध्ये लीगमधील सर्वाधिक मौल्यवान खेळाडूचे पारितोषिक मिळविले आणि १९९७ मध्ये फिलाडेल्फिया अंतिम फेरीत पोहोचला. पण त्याच्या कारकीर्दीत त्या संघास चषक मिळाला नाही.

तळाशी राहणाऱ्यास बक्षीस देणारी ही पद्धत संघांना जाणूनबुजून हरण्याचा मोह पाडते, असा आक्षेप घेतला जात असे. त्यावर उपाय म्हणून लीगने १९९५ पासून पहिल्या निवडीसाठी सोडत सुरू केली. क्वीबेकच्या अनुभवातून दुसरी मर्यादाही उघड झाली. पुनर्बांधणीत आजचे पराभव उद्याच्या यशासाठी सोसले जातात. संघ व त्याचे प्रेक्षक तोवर एकत्र राहतील, हे त्यात गृहीत असते. येथे पराभवाची वर्षे क्वीबेकच्या प्रेक्षकांनी सोसली व चषक डेन्व्हरला गेला. माँट्रिऑलने आपला श्रेष्ठ गोलरक्षक प्रांतातील प्रतिस्पर्ध्याला कधीच दिला नसता, असे बहुतेक जाणकार मानतात. म्हणजे स्थलांतर हेही त्या यशाचे एक कारण होते. क्वीबेकमध्ये २०१५ साली १८,००० हून अधिक आसनांचे नवे क्रीडागार उभे राहिले. परंतु नव्या संघासाठी केलेला अर्ज लीगने २०१६ मध्ये लांबणीवर टाकला.