दमणारी कमान

वजनावर चालणाऱ्या घड्याळात लटकवलेले वजन पहिल्या तासाला जेवढ्या बलाने दोरी ओढते, तेवढ्याच बलाने शेवटच्या तासालाही ओढते. पण असे घड्याळ खिशात घालता येत नाही. वजनाऐवजी गुंडाळलेली पोलादी कमान बसवली की ती अडचण सुटते, मात्र कमान दमते. चावी दिल्यावर तिचा जोर भरपूर असतो आणि उलगडताना तो घटत जातो.

न्यूरेंबर्गमधील कुलपे बनवणारा कारागीर पीटर हेनलाइन याची छोटी घड्याळे वजनाशिवाय ४० तास चालतात, बटव्यातही बाळगता येतात, असे योहान कोक्लेउस याने १५१२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नोंदवले आहे. हेनलाइनला कमानीच्या घड्याळाचा जनक म्हणतात ते मात्र खरे नाही. कमानीवर चालणारी मोठी घड्याळे पंधराव्या शतकातच होती.

दमणाऱ्या कमानीवर जर्मन कारागिरांनी काढलेला तोडगा म्हणजे ‘स्टॅकफ्रीड’. मुख्य कमानीच्या आसाला दात्यांनी जोडलेली एक वेडीवाकडी चकती अतिशय सावकाश फिरते. दुसरी एक ताठ कमान आपल्या टोकावरची छोटी फिरकी त्या चकतीच्या कडेवर दाबून धरते. सुरुवातीला फिरकीला चढ चढावा लागतो, म्हणून मुख्य कमानीचा जादा जोर तिथे खर्च होतो. शेवटी उतार लागतो आणि दुसरी कमान उलट मदतच करते. कल्पना नामी, पण घर्षणात शक्ती फार वाया जाई. त्याहून सरस उपाय ‘फ्युझी’चा. हा शंकूच्या आकाराचा रीळ असतो. कमान दमत जाईल तशी दोरी शंकूच्या रुंद भागावर ओढ देते. बल कमी, पण तरफेचा हात लांब!

एवढे करूनही या घड्याळांना काटा एकच असे, तासाचा. कारण दोष फक्त कमानीचा नव्हता. लंबकाला थोडा अधिक धक्का दिला तर झोका मोठा होतो, आवर्तनकाल जवळजवळ तोच राहतो. या घड्याळांतील मागेपुढे डोलणाऱ्या चक्राला असा स्वतःचा आवर्तनकाल नव्हता. त्याला परत मध्यावर खेचणारे बलच नव्हते. धक्का जोराचा, तर फेरी लवकर. ही उणीव १६७५ मध्ये ख्रिस्तियान हायगेन्स याने चक्राला केसासारखी बारीक वळणदार कमान जोडून भरून काढली. रॉबर्ट हूक याने त्या शोधावर आपला हक्क सांगितला, तो वाद निराळा. मिनिटकाटा रूढ झाला तो यानंतरच. स्टॅकफ्रीड तोवर मागे पडले होते. फ्युझी मात्र जहाजांवरील क्रोनोमीटरमध्ये विसाव्या शतकापर्यंत टिकली.