भिंत आणि भाऊबंदकी

1 मे 1981 रोजी जालना जिल्हा वेगळा झाला आणि त्याच दिवाळीत अंबडचा आमचा वाडा. जिल्ह्याच्या वाटणीत भिंत घालावी लागली नाही. आमच्या अंगणात मात्र घातली. पलीकडे चुलतभाऊ अण्णा, अलीकडे मी. एका मोरीपायी तेवीस वर्षं कोर्ट चाललं. पोरांनी मात्र भिंतीवरून वायर टाकून आमचं इंटरनेट पलीकडे नेलं. आम्ही दोघेही ती वायर न दिसल्यासारखं करतो.

परवा नातू म्हणाला, "आजोबा, बाहेरून दिवसभर कोणी ना कोणी आपलं दार ठोठावतंय. फायरवॉल बसवा. फुकट मिळते." फुकट म्हटल्यावर मी चष्मा पुसला.

फायरवॉल म्हणजे मुळात एका घराची आग शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून बांधलेली भिंत. पण या फुकट भिंतींचा इतिहास वाचायला घेतला, तर निघाली भाऊबंदकी! ओपनबीएसडी नावाच्या फुकट संगणकप्रणालीच्या दारावर आयपीफिल्टर हा पहारेकरी होता. तो लिहिला ऑस्ट्रेलियाच्या डॅरेन रीड यांनी. 2001 च्या मे महिन्यात परवान्यावरून वाजलं. त्यात फेरफार करून वाटायची मोकळीक नाही, असं निघालं. ओपनबीएसडीचे कर्तेपुरुष थिओ डी राट यांनी पहारेकऱ्यालाच घराबाहेर काढलं. दार सताड उघडं! तेव्हा डॅनियल हार्टमायर या स्विस गड्याने नवा पहारेकरी लिहिला, पीएफ. डिसेंबरात तो कामावर रुजूही झाला.

2003 साली दुसऱ्या एका स्विसाने, मॅन्युएल कॅस्परने, मोनोवॉल काढली. तिचे नियम साध्या वेबपानावरून बदलता येत. 2004 मध्ये तिच्यातून फुटून पीएफसेन्सने वेगळी चूल मांडली. 2015 च्या जानेवारीत हॉलंडच्या मंडळींनी पीएफसेन्समधून ओपीएनसेन्स वेगळी काढली. फेब्रुवारीत कॅस्परने आपलं दुकान बंद केलं आणि गिऱ्हाइकांना ओपीएनसेन्सचाच पत्ता दिला. म्हणजे आजोबांनी बिऱ्हाड नातवाकडे पाठवलं म्हणायचं.

यातली खुबी अशी की फुटून निघणारा अख्खा वाडा घेऊन जातो आणि मागच्याकडेही अख्खा वाडा शिल्लक राहतो. मोरीसकट! हे आमच्या वडिलांना 1981 साली कोणी सांगितलं असतं तर...

असो. जालन्याहून जुना संगणक आणला. त्याला वायरींची दोन तोंडं लागतात, एक बाहेरचं, एक घरातलं. मी ती उलटी जोडली, त्यात एक दुपार गेली. संध्याकाळी नियम लिहायला बसलो. पीएफच्या मूळ स्वभावात शेवटचा लागू पडणारा नियम खरा (आमच्या घरात तो हिचा असतो), पण ओपीएनसेन्सच्या पानावर वरून पहिला लागू पडेल तोच चालतो. मालकाने स्वतःलाच बाहेर कोंडून घेऊ नये म्हणून त्यात एक नियम आधीच घातलेला असतो. मला तो अपमानास्पद वाटला. मी काढून टाकला आणि घरातल्या बाजूला सगळ्यात वर लिहिलं: सर्वांना बंदी.

बंदी चोख बसली. आत मीही जाऊ शकेना. नातू पुण्याला परतलेला. मत्स्योदरीच्या डोंगराकडे तोंड करून हात जोडले.

सव्वानऊला दारात अण्णा. आईच्या तेराव्यानंतर प्रथमच.

"कीर्तन बंद पडलंय," ते म्हणाले. कोणाचं इंटरनेट, हे दोघांनीही काढलं नाही.

नातू फोनवर म्हणाला, त्या संगणकाला पडदा जोडा, पाटीवर आकडे येतील, तेरावा दाबा, जुनी नियमावली परत येईल. पडदा आम्ही बसवण्यापुरताच मागून आणला होता. अण्णांकडे टीव्ही होता. गल्लीतून फिरवून आणायचा म्हणजे अंधार आणि गटार. शेवटी तो भिंतीवरूनच आला. पलीकडून अण्णा, अलीकडे स्टुलावर मी.

"धरलास का? सोडू?"

"थांबा, थांबा... हं, सोडा."

काळ्या पडद्यावर पांढरे आकडे उमटले. अण्णांनी चष्मा नाकावर ओढला. "तेरा ना? दाब."

टीव्ही परत पाठवायचा राहिलाच आहे. अण्णा रोज नऊला येतात, कीर्तन पाहतात आणि चहा झाला की मोरीचा विषय काढतात.