बांधावरचीं फुलें

बुलढाण्यांतील एखाद्या अंगणांत उभें राहून तेथील फुलझाडांस त्यांचें मूळ गांव विचारलें, तर मौजेचा इतिहास हातीं येतो. ज्यावांचून दसऱ्याचें तोरण अडतें तो झेंडू मेक्सिकोचा, निशिगंध तिकडचाच, बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, गुलमोहर मादागास्करचा. १८५३ च्या तहानें वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या कारभारांत आलें, आणि पुढें डोंगरमाथ्यावरील थंड हवेचें बुलढाणें जिल्ह्याचें ठाणें झालें. साहेबी बंगल्याभोंवतालची बाग हाच मग सुशिक्षितांच्या बागेचा कित्ता ठरला, असें आम्हांस वाटतें.

मग या मातीचीं फुलें कोठें होतीं? तीं कुंपणाबाहेर होतीं. शेताच्या बांधावर, अजिंठ्याच्या डोंगरउतारांवर पावसाळ्यांत तेरडा रंगे, झुडपांतून कळलावीच्या ज्वाळा उठत, उजाड माळावर तरवड पिवळा होई. आमच्या आज्या-पणज्यांना तीं मुद्दाम लावावीं लागलीं नाहींत. गणेशचतुर्थीच्या पत्रीसाठीं बांधावर जावें, आणि आघाडा कोणता, माका कोणता, हें मुलींनीं तेथेंच शिकावें, अशी रीत होती. व्रत हेंच त्यांचें वनस्पतिशास्त्र होतें.

दैवाचा खेळ असा, कीं आमचा तेरडा युरोपांतील बागांत शिरून कित्येक शतकें लोटलीं. तिकडे मानानें वाढलेला दुहेरी पाकळ्यांचा तेरडा आज बियांच्या पुडींतून आम्ही विकत घेतों. उलट घाणेरी शोभेचें झुडूप म्हणून या देशांत आली आणि कुंपण ओलांडून रानेंच्या रानें व्यापून बसली. पाहुणा घरधनी झाला व घरधनी दाराबाहेर राहिला!

आजवर याचें दुःख वाटलें नाहीं, कारण बांध शाबूत होता. आतां तो नांगराखालीं अरुंद होत आहे, आणि सोयाबीनच्या शेतांत तणनाशक फवारतांना काठावरचें फूलही जळतें. भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेनें २००० सालीं या जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला, ही समाधानाची गोष्ट; परंतु ग्रंथांत नांव राहिलें म्हणजे अंगणांत फूल राहिलें, असें नव्हे.

तेव्हां आमची वाचकांस विनंति एवढीच, कीं अंगणाचा एक कोपरा या घरच्या मंडळींस द्यावा. त्यासाठीं ज्ञानगंगेच्या वा लोणारच्या अभयारण्यांतून रोपें मुळीं उपटूं नयेत. ओळखीच्या शेतकऱ्यास विचारून बांधावरचें मूठभर बीं आणावें. तेरड्याचें बोंड पिकलें म्हणजे हात लागतांच फुटतें, म्हणून तें पिवळसर होतांच खुडावें व बीं पहिल्या पावसांत पेरावें. तरवडास खडकाळ जमीन व थोडें पाणी पुरतें. कळलावीचा कंद मात्र जहाल विषारी. लहान मुलें असतील त्या घरीं तिला दुरूनच पाहावें.

झेंडूस कोणी हांकलावें, असें आम्ही म्हणत नाहीं; चार शतकांच्या सहवासानें तो आमचाच झाला आहे. पण पाहुण्यास पाट मांडतांना घरच्यांचें पान वाढावयाचें राहूं नये. नातीनें पत्रीच्या जुडींतील आघाडा ओळखावा, एवढें जरी त्या कोपऱ्यानें साधलें, तरी तो कोपरा सार्थकीं लागला असें आम्ही समजूं.