बातमीचा मालक आणि बाजारपेठेचा दरवाजा

उपग्रह एकच, पण त्याचे झोत दोन. उत्तरेकडील झोत चीन, हाँगकाँग आणि तैवानच्या दिशेने, तर दक्षिणेकडील झोत भारतीय उपखंडाच्या दिशेने. एप्रिल १९९४ मध्ये ‘स्टार टीव्ही’ने ‘एशियासॅट-१’ या उपग्रहाच्या उत्तरेकडील झोतावरून बीबीसीची जागतिक वृत्तवाहिनी काढून टाकली. दक्षिणेकडील झोतावर मात्र ती कायम राहिली. त्यामुळे दादर किंवा कोथरूडमधील घरांत केबलवाल्याच्या कृपेने बीबीसीच्या बातम्या पूर्वीप्रमाणेच दिसत राहिल्या आणि काही हजार किलोमीटरवर नेमके काय बदलले, याची येथील प्रेक्षकांना फारशी जाणीवही झाली नाही.

लोकशाही देशांतील माध्यमसमूह एकाधिकारशाही राजवटींच्या बाजारपेठेत उतरतात, तेव्हा त्यांच्या बातमीचे काय होते, या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्यांना हे प्रकरण टाळता येत नाही. येथे कोणी छापा घातला नाही, कोणा संपादकाला अटक झाली नाही. जे झाले ते मालकाच्या पातळीवर, व्यावसायिक निर्णय म्हणून झाले.

हाँगकाँगमधील उद्योगपती ली का-शिंग यांच्या समूहाने १९९१ मध्ये स्टार टीव्ही सुरू केला. जुलै १९९३ मध्ये रूपर्ट मर्डॉक यांच्या ‘न्यूज कॉर्पोरेशन’ने त्यातील ६३.६ टक्के हिस्सा ५२ कोटी ५० लाख डॉलरना विकत घेतला आणि १९९५ मध्ये उर्वरित हिस्साही ताब्यात घेतला. सप्टेंबर १९९३ मध्ये लंडन येथील भाषणात मर्डॉक यांनी दूरसंचारातील नवे तंत्रज्ञान हे जगभरातील सर्वंकष राजवटींना निःसंशय आव्हान ठरल्याचे प्रतिपादन केले. नव्या खरेदीच्या उत्साहात केलेले हे विधान त्यांना महागात पडले. पुढच्याच महिन्यात चीनचे पंतप्रधान ली पेंग यांच्या स्वाक्षरीने एक आदेश निघाला आणि नागरिकांनी परवान्याशिवाय डिश अँटेना बाळगण्यावर बंदी आली. स्टारच्या दृष्टीने सर्वांत मोठी बाजारपेठ एका कागदाने बंद झाली.

यानंतरची पाच वर्षे मर्डॉक यांनी तो दरवाजा पुन्हा उघडावा यासाठी खर्ची घातली. बीबीसी हा त्यातला पहिला अडसर. तियानानमेन चौकातील १९८९ च्या घटनांचे बीबीसीने केलेले वार्तांकन चिनी नेतृत्व विसरले नव्हते. डिसेंबर १९९३ मध्ये, माओ यांच्या जन्मशताब्दीच्या महिन्यात, त्यांच्या खासगी आयुष्याविषयीचा माहितीपट बीबीसीने ब्रिटनमध्ये दाखवला आणि त्यावरही चीनने आक्षेप घेतला. वाहिनी काढताना व्यावसायिक कारणे पुढे करण्यात आली. चिनी नेत्यांची नाराजी हे कारण होते, हे मर्डॉक यांनी नंतर स्वतःच मान्य केले.

इतर पावलेही याच दिशेने पडली. हाँगकाँगच्या ‘साऊथ चायना मॉर्निंग पोस्ट’ या दैनिकातील मोठा हिस्सा १९९३ मध्येच मलेशियाचे उद्योगपती रॉबर्ट क्वोक यांना विकण्यात आला होता. १९९५ मध्ये समूहाच्या प्रकाशन संस्थेने डेंग शियाओपिंग यांच्या कन्येने लिहिलेले त्यांचे चरित्र इंग्रजीत आणले. हाँगकाँगचे अखेरचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन यांच्या वाट्याला मात्र उलट वागणूक आली. चीनवर टीका करणारे त्यांचे ‘ईस्ट अँड वेस्ट’ हे पुस्तक समूहाच्याच ‘हार्पर कॉलिन्स’ने १९९८ मध्ये सोडून दिले. पुस्तक कंटाळवाणे असल्याची सबब पुढे येताच संबंधित संपादक स्टुअर्ट प्रॉफिट यांनी राजीनामा दिला. अखेर प्रकाशन संस्थेला पॅटन यांची माफी मागून तडजोड करावी लागली आणि पुस्तक ‘मॅकमिलन’कडून बाहेर आले. या वादाची बातमी मर्डॉक यांच्याच मालकीच्या लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये उशिरा आणि अपुरी आली, अशी टीका त्या वेळी झाली होती. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत बोलका भाग हाच आहे. पुस्तक सोडल्याचे जगाला कळते, न आलेली बातमी मात्र सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही.

पदरात काय पडले?

मार्च १९९६ मध्ये ‘फिनिक्स’ ही चिनी भाषेतील वाहिनी सुरू झाली. त्यात स्टारचा ४५ टक्के आणि चिनी लष्करातील माजी अधिकारी लिऊ चांगले यांच्या कंपनीचा तितकाच वाटा होता. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला, त्याच सुमारास ग्वांगडाँग प्रांतात एका मनोरंजन वाहिनीच्या प्रक्षेपणाला परवानगी मिळाली. त्या बदल्यात चीनच्या सरकारी इंग्रजी वाहिनीला अमेरिकेत केबलवर जागा देण्यात आली. २००५ मध्ये धोरण पुन्हा कडक झाले. आपल्यापुढे भिंत उभी राहिल्याची कबुली तेव्हा मर्डॉक यांनी दिली. २००६ मध्ये फिनिक्समधील मोठा हिस्सा सरकारी ‘चायना मोबाइल’ला, २०१० मध्ये चिनी वाहिन्यांचे नियंत्रण एका चिनी गुंतवणूक निधीला विकण्यात आले आणि २०१४ च्या सुरुवातीला उरलेला हिस्साही गेला. दोन दशकांच्या मनधरणीचा हिशेब एवढाच.

याच काळात, याच हाँगकाँगमध्ये एका दुसऱ्या मालकाने नेमका उलटा मार्ग धरला. जिमी लाय हे ‘जिओर्डानो’ या तयार कपड्यांच्या दुकानांच्या साखळीचे संस्थापक. १९९४ मध्ये त्यांनी आपल्या साप्ताहिकात ली पेंग यांना उद्देशून अत्यंत शिवराळ पत्र लिहिले. शिक्षा साप्ताहिकाला झाली नाही, ती दुकानांना झाली. बीजिंगमधील दुकान बंद पाडण्यात आले. लाय यांनी कपड्यांच्या व्यवसायातून अंग काढून घेतले आणि जून १९९५ मध्ये ‘ॲपल डेली’ हे दैनिक काढले. चीनमध्ये गमावण्यासारखा दुसरा धंदा नसलेल्या मालकाचे हे पत्र पंचवीस वर्षे चालले. २०२० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यानंतर मात्र दडपणाचे साधन बदलले. कंपनीची खाती गोठवली गेली आणि २४ जून २०२१ रोजी शेवटचा अंक निघाला. लाय यांना डिसेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवले. मर्डॉक यांनी विकलेले ‘साऊथ चायना मॉर्निंग पोस्ट’ २०१६ पासून चीनमधील ‘अलिबाबा’ समूहाकडे आहे.

व्यापार मुक्त झाला की विचारही मुक्त होतील, ही १९९० च्या दशकातील आवडती मांडणी. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी मार्च २००० मध्ये इंटरनेटवर अंकुश ठेवू पाहणाऱ्या चीनची थट्टा करून, हा प्रकार जेली खिळ्याने भिंतीला ठोकण्यासारखा असल्याचे म्हटले होते. प्रत्यक्ष व्यापार करारात मात्र चीनने विचारांची बाजारपेठ शिताफीने वेगळी ठेवली. सदस्य होताना महसुलात वाटा देऊन वर्षाला २० परदेशी चित्रपट आणण्याची तयारी त्याने दाखवली. अमेरिकेने २००७ मध्ये तक्रार नेली तेव्हा चीनने सार्वजनिक नैतिकतेच्या रक्षणाचा बचाव केला. डिसेंबर २००९ मध्ये अपील मंडळाचा निकाल चीनविरुद्ध गेला. त्याचा रोख आयातीच्या सरकारी मक्तेदारीवर होता. आशय तपासण्याच्या, म्हणजेच सेन्सॉरच्या अधिकाराला अमेरिकेने आव्हानच दिले नव्हते. २०१२ च्या तडजोडीत चित्रपटांची संख्या ३४ आणि निर्मात्यांचा वाटा २५ टक्के झाला. कात्री जेथे होती तेथेच राहिली.

हॉलिवूडने तिच्याशी जुळवूनही घेतले. दलाई लामांवरील ‘कुंदुन’ हा चित्रपट १९९७ मध्ये ‘डिस्ने’ने प्रदर्शित केला खरा, परंतु पुढच्याच वर्षी कंपनीच्या प्रमुखांनी चीनच्या पंतप्रधानांकडे त्याबद्दल खेद व्यक्त केला. शांघायमध्ये डिस्नेचे उद्यान २०१६ मध्ये उघडले.

उलट दिशेच्या वाहतुकीचे नियम वेगळे आहेत. ब्रिटनच्या नियामकाने फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनच्या ‘सीजीटीएन’ या वाहिनीचा परवाना रद्द केला. परवानाधारक कंपनीकडे संपादकीय नियंत्रण नव्हते आणि ज्या कंपनीकडे ते देण्याचा प्रस्ताव होता, तिच्यावर अखेरची सत्ता चिनी कम्युनिस्ट पक्षाची होती, हे कारण लेखी नोंदवले गेले. आठवडाभरात चीनने बीबीसी वर्ल्ड न्यूजवर बंदी घातली.

भारताने माध्यमांतील परकीय भांडवलाबाबत सुरुवातीपासून सावध भूमिका घेतली. १९५५ च्या मंत्रिमंडळ ठरावाने वृत्तपत्रांत परकीय मालकीला मज्जाव केला. तो २००२ मध्ये सैल होऊन २६ टक्क्यांची मर्यादा आली आणि २००३ मध्ये वृत्तवाहिन्यांनाही ती लागू झाली. ‘स्टार न्यूज’ची बहुसंख्य मालकी कोलकात्याच्या आनंदबझार पत्रिका समूहाकडे गेली ती यामुळेच. २००७ मध्ये सुरू झालेली ‘स्टार माझा’ २०१२ मध्ये ‘एबीपी माझा’ झाली, त्यामागेही याच भागीदारीचा शेवट होता. वृत्तवाहिन्यांसाठीची मर्यादा २०१५ मध्ये ४९ टक्के करण्यात आली. २०२० पासून भूसीमा लागून असलेल्या देशांतील गुंतवणुकीला सरकारची पूर्वपरवानगी बंधनकारक आहे.

हे सारे नियम भांडवल कोठून आले एवढेच विचारतात. १९९४ मध्ये बीबीसीची वाहिनी बंद करणारी कंपनी ऑस्ट्रेलियात नोंदलेली होती, तिचा मालक अमेरिकी नागरिक होता आणि तिच्यात चिनी सरकारचा एक डॉलरही नव्हता. माध्यमाच्या मालकाचे अन्य व्यवसाय कोणत्या देशांत आहेत आणि त्यांचे परवाने कोणाच्या हाती आहेत, हा तपशील आपल्याकडे वृत्तवाहिनीच्या प्रेक्षकापुढे ठेवण्याची सक्ती नाही.