टाचेखालची पोकळी

उंच टाचेची एखादी निकामी सँडल मधोमध उभी चिरून बघा. पुठ्ठा, चामडं, सुकलेलं सोल्युशन आणि या सगळ्यात दडलेली बोटभर लांबीची पोलादी पट्टी हाती लागते. धंद्यात तिला ‘शँक’ म्हणतात. तिच्यावर लांबीच्या दिशेने एक खोबण दाबलेली असते. पन्हळी पत्रा ज्या कारणाने सहज वाकत नाही, त्याच कारणाने हीसुद्धा वाकत नाही. टाच उचलली की तळपायाच्या कमानीखाली पोकळी राहते आणि तिच्यावरून पूल बांधावा लागतो. शँक म्हणजे तो पूल. कोल्हापुरीला ही भानगड कधी नव्हतीच. तिचा तळ जमिनीला सपाट टेकलेला.

या पोकळीने ज्याला आयुष्यभर झपाटलं तो साल्वातोरे फेरागामो. इटलीतल्या बोनितो या खेड्यात १८९८ साली जन्मलेला हा कारागीर कोवळ्या वयात अमेरिकेला गेला आणि हॉलिवूडच्या नट्यांसाठी जोडे करू लागला. जोडे देखणे होत, पण पाय दुखत. का, हे कळावं म्हणून त्याने लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे वर्ग गाठले. गवंड्याने ओळंबा सोडावा तसं शरीराचं वजन सरळ खाली पायाच्या कमानीवर उतरतं, हे तिथे त्याच्या ध्यानात आलं. मग त्याने कमानीला खालून आधार दिला, तो पोलादी पट्टीचा.

१९२७ साली तो इटलीत परतला आणि फ्लॉरेन्सला स्थिरावला. १९३५ मध्ये मुसोलिनीने इथिओपियावर चाल केली, राष्ट्रसंघाने निर्बंध लादले आणि उत्तम जर्मन पोलाद मिळेनासं झालं. हाताशी असलेल्या हलक्या पोलादाच्या पट्ट्या मोडू लागल्या. फेरागामोने पूल बांधण्याचा नादच सोडला आणि पोकळी भरून काढली! सार्डिनियातल्या बुचाचे तुकडे चिकटवत, तासत त्याने टाचेपासून चवड्यापर्यंतची जागा भरीव केली. आज आपण ज्याला ‘वेज हील’ म्हणतो ते हेच. बूच काही नवं नव्हतं. स्पेनच्या स्त्रिया सोळाव्या शतकात बुचाच्या उंच खडावांसारखे जोडे घालून डुलत चालायच्या. नवी होती ती टाच आणि तळ एकच करण्याची युक्ती. १९४७ साली त्याने हीच भरीव टाच आतून इंग्रजी ‘एफ’ अक्षरासारखी कोरली आणि वर नायलॉनचे जवळपास न दिसणारे धागे ओढले. भरलेली पोकळी पुन्हा मोकळी झाली.

१९५०च्या दशकात स्टिलेटो टाच आली. टाचेच्या आत धातूची सळई घातल्यावर ती पेन्सिलीइतकी बारीक करता येऊ लागली. वजन तेवढंच, टेकायला जागा मात्र नखाएवढी. लाकडी फरशांना खड्डे पडू लागले. स्टिलेटोचं जनकत्व जोडेकार रॉजर व्हिव्हिएला द्यायचं की आणखी कुणाला, यावर अजून वाद आहेत. ते असोत.

वास्तुकला शिकलेली मंडळी या क्षेत्रात उतरली, तेव्हा त्यांनी थेट टाचेलाच हात घातला. प्रख्यात वास्तुकार रेम कूलहास यांचा त्याच नावाचा पुतण्या नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला वास्तुकला शिकला. त्याच्या ‘मोबियस’ जोड्यात एकच पट्टी तळ होते, वळून टाच होते आणि पायावरचा पट्टाही होते. प्रेरणा वास्तुकार मीस व्हान डेर रोह यांच्या १९२९ सालच्या ‘बार्सिलोना’ खुर्चीची. २००३ साली जोडे बनवणाऱ्या क्लार्क घराण्यातल्या गॅलहॅड क्लार्कबरोबर त्याने ‘युनायटेड न्यूड’ ही कंपनी काढली. तिच्यासाठी वास्तुकार झाहा हदीद यांनी २०१३ मध्ये केलेला ‘नोव्हा’ जोडा म्हणजे त्यांच्याच इमारतीतून कापून काढलेला तुकडा वाटतो. मला तो चालण्यापेक्षा बघण्याचाच वाटतो.

लंडनचे ज्युलियन हेक्स हे पुलांची कामं केलेले वास्तुकार. त्यांनी फेरागामोच्या उलट विचार मांडला. ओल्या वाळूत उमटलेलं पाऊल पाहिलं तर टाच आणि चवडा खोल ठसतात, मधला भाग फारसा उमटत नाही. तळपाय स्वतःच पूल असेल तर त्याला आणखी एक पूल कशाला? त्यांच्या ‘मोहितो’ जोड्यात तळव्याखालचा मधला भागच नाही. पायाभोवती वळसा घेतलेली एक फीत आहे, बस्स. टोकियोच्या कला विद्यापीठातून २०१० साली बाहेर पडलेल्या नोरिताका तातेहानाने तर टाचच काढून टाकली. जुन्या जपानी गणिकांच्या उंच लाकडी ‘गेता’वरून त्याला हे सुचलं. सगळा भार चवड्याखालच्या जाड ठोकळ्यावर, टाच बाल्कनीसारखी अधांतरी. गायिका लेडी गागाने ते जोडे घातले आणि एका विद्यार्थ्याचं काम जगभर गेलं.

पादत्राणं शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींना एकच सांगणं आहे. इमारतीचा दर्शनी भाग जोड्यावर चिकटवू नका. त्याने फार तर प्रदर्शनातला फोटो चांगला येतो. आधी एक जुनी सँडल चिरा आणि वजन कुठून कुठे उतरतं ते बोटाने शोधा. मग कागद-पेन्सिल घ्या.